पिंपरीचे पेनिसिलिन आणि परम्याचा जंतू

परमा, म्हणजेच गोनोरिया, या रोगावर १९३७ च्या सुमारास सल्फा औषधे आली आणि जादूसारखी लागू पडली. १९४४ पर्यंत त्यांना न जुमानणारे जंतू सर्वत्र आढळू लागले होते. तेवढ्यात पेनिसिलिन हाती आले. दीड-दोन लाख युनिटांत रोगी बरा होई.

स्वतंत्र भारताला हे औषध परदेशातून आणावे लागे. म्हणून १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. युनिसेफने यंत्रसामग्री दिली, जागतिक आरोग्य संघटनेने तांत्रिक साहाय्य. १९५५ मध्ये उत्पादन सुरू झाले.

पिंपरीच्या टाक्यांत पेनिसिलिनची बुरशी वाढत होती, त्याच काळात जगभर परम्यावरील मात्राही वाढत होती. प्रत्येक वेळी काम भागेल एवढीच वाढ होई आणि तिलाही पुरून उरणारे जंतू पुढच्या माणसाकडे जात. १९७० च्या दशकात मात्रा ४८ लाख युनिटांवर पोहोचली. शिवाय औषध शरीरात टिकावे म्हणून प्रोबेनेसिडच्या गोळ्या.

१९७६ मध्ये ब्रिटन व अमेरिकेत पेनिसिलिनचा रेणूच तोडणारे विकर बनवणारे गोनोकोकस सापडले. त्यांचा हा जनुक अन्य जातीच्या जंतूंकडून उसना आलेला होता. आता मात्रा वाढवण्यात अर्थ उरला नाही. वास्तविक असे विकर अब्राहम आणि चेन यांनी १९४० मध्येच, पेनिसिलिन सर्रास वापरात येण्याआधीच, नोंदवले होते.

पुढे सिप्रोफ्लॉक्सासिनही निकामी ठरले. आज भिस्त आहे ती सेफ्ट्रियाक्झोनवर. त्याला दाद न देणारा जंतू २००९ मध्ये जपानमधील क्योटो येथे सापडला.