सर्पगंधा आणि रक्तदाब

१२ एप्रिल १९४५ रोजीं अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनीं डोकें फार दुखत असल्याचें सांगितलें, आणि ते बेशुद्ध झाले. कांहीं तासांतच मेंदूंतील रक्तस्रावानें त्यांचा अंत झाला. त्या वेळीं त्यांचा रक्तदाब ३०० च्या वर गेला होता. वर्षापूर्वीं, मार्च १९४४ मध्यें, डॉ. हॉवर्ड ब्रूएन यांना तो १८६/१०८ आढळला होता. म्हणजे धोका अगोदरच दिसत होता. पण विश्रांति, अळणी जेवण, डिजिटॅलिस व शामक औषध यांपलीकडे देण्याजोगें वैद्यकापाशीं फारसें कांहीं नव्हतें.

मोजण्याचें साधन जुनेंच. दंडाला पट्टा बांधून दाब मोजण्याची युक्ति रिव्हा-रोच्ची यांनीं १८९६ सालीं काढली, व १९०५ सालीं कोरोत्कोव्ह यांनीं तिला नळीची जोड दिली. परंतु कठीण झालेल्या रक्तवाहिन्यांतून रक्त पुढें ढकलण्यास वाढता दाब आवश्यकच आहे, अशी मोठमोठ्या डॉक्टरांची समजूत होती. लिव्हरपूलच्या डॉ. जॉन हे यांनीं तर १९३१ सालीं दाब उतरवूं पाहणाऱ्याला मूर्खच ठरविलें.

नवल असें कीं, त्याच सालीं कलकत्त्यास गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं सर्पगंधेचें मूळ उन्माद व रक्तदाब या दोहोंवर उपयोगी पडतें, असें प्रसिद्ध केलें. पुढें मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं ५० रोग्यांवरील आपला अनुभव १९४९ सालीं ब्रिटिश हार्ट जर्नलमध्यें छापला, तेव्हां कोठें पश्चिमेचें लक्ष इकडे वळलें. १९५२ सालीं स्वित्झर्लंडमध्यें त्या मुळांतून रिसर्पिन वेगळें काढण्यांत आलें.

ही हकीकत सांगितली कीं वर्गांत कोणी तरी अभिमानानें विचारतोच, "मग हें आमच्या वैद्यांना ठाऊकच होतें ना?" होतें, आणि नव्हतेंही. वेड्यास झोंप आणणारें मूळ त्यांना ठाऊक होतें. पाऱ्याच्या नळीवर चढणारा दाब त्यांना कोठून दिसणार? एकाजवळ मुळी होती, दुसऱ्याजवळ माप होतें, आणि दोघांची गांठ पडण्यास निम्में शतक गेलें.

रिसर्पिननें मज्जातंतूंच्या टोकांशीं सांठलेलें नॉरॲड्रेनॅलिन संपतें व रक्तवाहिन्या सैल पडतात. मेंदूंतही तीच क्रिया होते. म्हणून कांहीं रोगी या औषधानें इतके खिन्न झाले कीं डॉक्टर बिचकले. १९५८ च्या सुमारास लघवीवाटे मीठ काढून टाकणारें क्लोरोथायझाइड आलें व सर्पगंधा हळूहळू मागें पडली. बहुतेक रोग्यांत रक्तदाबाचें एकच एक कारण आजही दाखवितां येत नाहीं. आनुवंशिकता, स्थूलता, मीठ व तें बाहेर टाकणारें मूत्रपिंड, या सर्वांचा त्यांत हात असतो. रूझवेल्ट यांच्या ताटांतलें मीठ कमी करणाऱ्या डॉक्टरांचें तेवढें पाऊल बरोबर होतें.