कलत्या मानेची कुळकथा

मूल मान एका खांद्याकडे झुकवून बघायला लागलं की आपल्याकडे आधी 'सरळ बस' म्हणून दटावतात, मग मानेला तेल चोळतात. डोळ्यांच्या डॉक्टरची पाळी सगळ्यांत शेवटी. खरं तर मुलानं आपल्यापुरता उपाय शोधलेला असतो. एक डोळा वर सरकल्यामुळे एकाची दोन चित्रं होतात आणि मान कलती केली की ती जुळतात.

या सवयीवरून निदान कसं करायचं, हे जर्मनीतल्या हॉफमन आणि आल्फ्रेड बील्शोव्स्की यांनी 1900 साली मांडलं. मान उजवीकडे कलली की उजवा डोळा जागच्या जागी असा किंचित फिरतो की त्याची वरची बाजू नाकाकडे झुकते. हे काम दोन स्नायू मिळून करतात. त्यातला एक डोळा वर ओढतो, दुसरा खाली, म्हणून डोळा पातळी सोडत नाही. खाली ओढणारा तो वरचा तिरका स्नायू. तो लुळा असला की दुसऱ्याला आवरणारं कुणी राहत नाही आणि डोळा वर निसटतो. म्हणून मूल ज्या बाजूला मान न्यायचं टाळतं, डॉक्टर मुद्दाम त्याच बाजूला ती कलवतात. यंत्र नाही, खर्च नाही.

हा वरचा तिरका स्नायूही विक्षिप्तच. रहाटावरून दोर यावा तसा तो कूर्चेच्या एका कप्पीतून वळून डोळ्याला लागतो. त्याची नस मेंदूच्या बारा नसांत सगळ्यांत बारीक, त्यात मेंदूच्या पाठीमागून निघून लांबचा वळसा घेणारी. डोक्याला मार बसला तर ती दुखावते. लहान मुलांत मात्र हा दोष बहुधा जन्मजातच.

बील्शोव्स्कींना पुढे नाझी राजवटीत जर्मनी सोडावी लागली. अमेरिकेत डार्टमथला त्यांनी काम केलं आणि 1940 मध्ये ते वारले. चाचणीला नाव त्यांचंच राहिलं, हॉफमन मागे पडले. 1958 मध्ये वॉशिंग्टनचे मार्शल पार्क्स यांनी तिला तीन प्रश्नांत बसवलं. कोणता डोळा वर आहे? कोणत्या बाजूला बघताना फरक वाढतो? कोणत्या बाजूला मान कलवल्यावर? दोन्ही डोळे वर-खाली ओढणाऱ्या आठ स्नायूंतून चार, चारातून दोन, दोनातून एक. इतका सुबक हिशेब पाहिला की मला जरा शंकाच येते, आणि ती अगदीच निराधार नाही. एमआरआयवर वरचा तिरका स्नायू रोडावलेला दिसलेल्या रुग्णांची 2014 साली तपासणी झाली, तेव्हा तिन्ही पायऱ्या जुळल्या त्या सुमारे 70 टक्क्यांतच. शिवाय मेंदूतल्या तोल सांभाळणाऱ्या वाटेत बिघाड असला तरी डोळे असेच वरखाली होतात. म्हणून आता काही डॉक्टर रुग्णाला आडवं करूनही मोजतात. आडवं झाल्यावर फरक निम्म्यानं किंवा त्याहून जास्त घटला, तर संशय मेंदूकडे वळतो.

घाटकोपरला भटवाडीतल्या एखाद्या घरातून मुलाला रुळांपलीकडे राजावाडी रुग्णालयात दाखवायला न्यायचं असेल, तर बारशापासूनचे फोटो बरोबर असू द्यावेत. तान्हेपणापासून मान कललेलीच दिसली, तर दोष जुना. जुन्या फोटोंत ती सरळ असेल आणि कल गेल्या महिन्या-दोन महिन्यांतलाच असेल, तर तपासणी लांबणीवर टाकू नये.