दस्तक, राहदारी व परराज्यप्रवास : राजूरच्या घाटमाथ्यावरून एक विचार

जुनें दप्तर हातीं आलें म्हणजे संग्राहक प्रथम सनदा, वतनपत्रें, महजर व राजपत्रें वेगळीं काढतो. दोनचार ओळींचें दस्तक मात्र बहुधा बाजूस पडतें. त्यांत इनाम नाहीं, वंशावळ नाहीं, निवाडाहि नाहीं. प्रवास संपला कीं कागदाचें काम संपलें, असेंच तो बाळगणाराहि मानी. परंतु एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत जाणारा मनुष्य कोणाचा समजावयाचा, या प्रश्नाचें जुनें उत्तर अशाच क्षुद्र कागदांत सांपडतें. तें आजच्या पासपोर्टाच्या कल्पनेशीं कितपत जुळतें हें पाहण्याचें येथें योजिलें आहे.

(१) अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यांतील अकोले तालुक्याचें राजूर हें गांव या विचारास सोयीचें ठिकाण आहे. कळसूबाई, रतनगड व हरिश्चंद्रगड यांच्या परिसरांतील हा मुलूख देश व कोंकण यांच्या सांध्यावर बसलेला आहे. पश्चिमेस घाटघरास जाऊन चोंढ्याच्या वाटेनें उतरलें कीं शहापुराकडील कोंकण लागतें. गडांच्या व घाटांच्या राखणींत महादेव कोळ्यांचा वांटा मोठा. पेशवाईंत बंड करून उठलेला जावजी बांबळे यास पुढें तुकोजी होळकरांच्या मध्यस्थीनें माफी मिळून साठ गांवांचा बंदोबस्त त्याच्याच हातीं देण्यांत आला. वाट अडविणारा तोच वाट राखणारा, हा न्याय या डोंगरांत जुना आहे. दस्तक दाखवावयाचें तें अशा राखणदारांस.

घाटाखालील अंमल मात्र पालटत गेला. वसई प्रांत १७३९ पर्यंत फिरंग्यांचा होता. चिमाजी अप्पांच्या मोहिमेनें तो मराठ्यांकडे आला. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं ठाणें घेतलें आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. वाट तीच, वाटसरू तेच; परंतु वाटेच्या टोकाशीं परराज्य आलें.

(२) ‘दस्तक’ हा शब्द फारशी ‘दस्त’ म्हणजे हात यापासून आलेला. त्याचे दोन अर्थ निराळे ठेवले पाहिजेत. एक, मार्गानें निर्वेध जाऊं देण्याचा परवाना. दुसरा, सरकारी बाकी वसूल करण्याकरितां अथवा मनुष्यास हजर करण्याकरितां प्याद्याबरोबर पाठविलेला हुकूम. विल्सनच्या १८५५ च्या कोशांत दोन्ही अर्थ आहेत. याद्या करतांना दोहोंची नोंद एकाच सदराखालीं झाल्यास अभ्यासकाची फसगत होते. कारण पहिला कागद मनुष्यास मोकळा सोडतो, दुसरा त्यास धरतो. ‘राहदारी’ हा शब्दहि असाच दुहेरी आहे : मार्गाच्या रक्षणाबद्दल घेतलेला कर आणि मार्गाचा परवाना.

(३) प्रवासाच्या दस्तकाचा रोख प्रवाशाकडे नसून वाटेवरील चौकीदार, जकातदार व कमाविसदार यांच्याकडे असतो. अमुक इसम, इतकीं माणसें, इतकीं जनावरें, अमुक ठिकाणाहून अमुक ठिकाणीं जात आहेत; मार्गीं मुजाहीम न होणें, असा त्याचा मथितार्थ. यांत जन्मस्थानाची चौकशी नाहीं. प्रवासी कोणाच्या पदरचा, कोणाच्या कामावर निघालेला, आणि त्यास अडविल्यास जाब कोण विचारील, एवढेंच कागद सांगतो. तें एका धन्याचें दुसऱ्या अंमलदारास दिलेलें अभय आहे. नागरिकत्वाचा दाखला नव्हे.

म्हणूनच अशा कागदांत मितीचें महत्त्व विशेष. सुहूर सनांत ५९९ किंवा ६०० मिळविले कीं इसवी सन निघतो. ठाण्यास जाण्याचें दस्तक ‘अर्बा सबैन मया व अलफ’ म्हणजे १७७३-७४ चें असेल तर तो स्वराज्यांतील प्रवास. ‘खमस सबैन’ साल उजाडल्यावर, १७७४ च्या अखेरीनंतरचें असेल तर तोच प्रवास परराज्यांतला. मजकूर एक अक्षरानेंहि बदलणार नाहीं. मितीचा कोपरा फाटला कीं हा भेद कायमचा गेला.

(४) समुद्रावर हीच पद्धत अधिक कडक होती. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांनीं कर्ताज नांवाचे परवाने सक्तीचे केले. त्यावांचून फिरणारीं जहाजें ते धरीत. त्या कागदांवर येशू व मेरी यांच्या प्रतिमा असत, म्हणून असा परवाना घेऊन मक्केच्या यात्रेस जावें कीं नाहीं असा वाद मोंगल दरबारीं झाला. पुढें कान्होजी आंग्रे यांनीं स्वतःचें दस्तक चालविलें. इंग्रजांशीं त्यांचा १७१३ चा तह होऊनहि वाद मिटला नाहीं. कारण कंपनीचें जहाज कोणतें आणि इंग्रज निशाणाआड चाललेला खाजगी व्यापार कोणता, हें दोघेहि आपापल्या सोयीनें ठरवीत. परवाना देण्याचा हक्क म्हणजेच समुद्रावरील धनीपण, हें उभयतांस पुरतें ठाऊक होतें. बंगाल्यांत १७१७ च्या फर्मानानें मिळालेल्या दस्तकांचा दुरुपयोग पुढें मीर कासीमशीं युद्ध होण्यास कारण झाला, हें प्रसिद्धच आहे.

(५) १८१८ त पेशवाई गेली व राजूरच्या घाटाखालीं-वर एकच अंमल झाला. १८३८ त मुंबई इलाख्यांतील अंतर्गत मार्गजकात उठली. दस्तकाची गरज संपली. माणसांवरील नजर मात्र संपली नाहीं. याच मुलखांतील देवगांवचे राघोजी भांगरे बंडानंतर वेषांतरानें फिरत असतां पंढरपुरास पकडले गेले व २ मे १८४८ रोजीं ठाण्यास फांशी गेले. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें तर कित्येक जमातींस गांवाबाहेर जाण्यासहि पास लागूं लागला. जें दस्तक एके काळीं वाट मोकळी करी, त्याचेंच उलटें रूप हें.

परदेशप्रवासाचा पासपोर्ट येथें पक्का झाला तो पहिल्या महायुद्धानंतर, १९२० च्या कायद्यानें. स्वातंत्र्यानंतरहि तो देणें न देणें सरकारच्या मर्जीवर होतें. १९६७ त सर्वोच्च न्यायालयानें परदेशीं जाणें हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग ठरविला आणि त्याच वर्षीं नवा पासपोर्ट कायदा झाला. दस्तकाची मेहेरबानी हक्काच्या कोटींत आली ती येथें. तरीहि त्या कायद्याच्या विसाव्या कलमान्वये लोकहितार्थ नागरिक नसलेल्या व्यक्तीसहि प्रवासपत्र देतां येतें. म्हणजे ‘हा आमचा जन्मजात मनुष्य’ यापेक्षां ‘यास जाऊं द्या, आम्ही जाब देऊं’ हा दस्तकाचा जुना आशय अद्यापि पुरता लोपलेला नाहीं.

(६) सनदांत राजे व वतनदार भेटतात. दस्तकांत हुजऱ्या, बैलवाला, यात्रेकरू व कासीद भेटतो, आणि पुष्कळदां त्याचें नांव दुसऱ्या कोणत्याहि कागदांत येत नाहीं. तेव्हां संग्राहकांस विनंती एवढीच कीं, दस्तकें रद्दींत घालूं नयेत. मिती, मुक्काम, माणसें, जनावरें व शिक्का यांची नोंद करावी, आणि पाठीवर शेरे असल्यास तेहि उतरून घ्यावे. घाटाची वाट कोणकोणत्या चौक्यांवरून जात असे तें बहुधा त्या पाठीवरच लिहिलेलें सांपडेल.