वर्कग्रुप आणि डोमेन : संगणक-जाळ्यातील सामायिक वापराच्या व्यवस्थेचा इतिहास

प्रस्तावना :
संगणक-जाळ्याचा इतिहास लिहिताना बहुधा तारा, वेग आणि यंत्रांची क्षमता यांचाच विचार केला जातो. परंतु दोन संगणक तारेने जोडले म्हणजे एकाची फाईल वा प्रिंटर दुसऱ्यास वापरता येतोच असे नाही. जाळ्यात कोण कोण आहे याची यादी कोणी ठेवावयाची आणि आलेल्या मागणीवर कशाच्या आधारे विश्वास ठेवावयाचा, हे दोन प्रश्न त्यापूर्वी सुटावे लागतात. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज प्रणालीतील 'वर्कग्रुप' व 'डोमेन' या व्यवस्था म्हणजे या प्रश्नांची दोन भिन्न उत्तरे होत. त्यांच्या वाटचालीचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पूर्वपीठिका :
१९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात आयबीएमच्या वैयक्तिक संगणकांसाठी 'नेटबायोस' ही पद्धत आली. तीत प्रत्येक संगणकास नाव असे. विंडोजमध्ये ते पंधरा अक्षरांपर्यंतचे असू शके. नाव धारण करण्यापूर्वी संगणक संपूर्ण जाळ्यात विचारणा करी आणि कोणी हरकत न घेतल्यास ते नाव त्याचे होई. म्हणजे नोंदवही नव्हतीच. १९८३ मध्ये नोव्हेल कंपनीने आणलेल्या नेटवेअरचा मार्ग वेगळा होता. तेथे फाईली सर्व्हरवर असत आणि वापरकर्त्यांची नोंदही त्याच सर्व्हरवर असे. मात्र प्रत्येक सर्व्हरची वही स्वतंत्र असल्याने तीन सर्व्हर वापरणाऱ्या कर्मचाऱ्याची नोंद तीन ठिकाणी करावी लागे.

कार्यगटातील निवडणूक :
ऑक्टोबर १९९२ मध्ये 'विंडोज फॉर वर्कग्रुप्स' ही आवृत्ती बाजारात आली. येथे कोणताही संगणक देणारा व घेणारा दोन्ही होऊ शके. वेगळ्या सर्व्हरचा खर्च नको. सामायिक केलेल्या फोल्डरला केवळ वाचण्यासाठी एक व पूर्ण वापरासाठी दुसरा असे पासवर्ड देता येत. पासवर्ड वस्तूला होता, व्यक्तीला नव्हता, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. एखादा कर्मचारी नोकरी सोडून गेला की पासवर्ड बदलून उरलेल्या सर्वांना नवा कळवावा लागे, आणि फाईल नेमकी कोणी उघडली हे पासवर्डवरून ठरविता येत नसे. शिवाय गटाचे नाव टंकित करणारा संगणक त्या गटाचा सभासद होई. त्याला विचारणारे कोणी नव्हते.

सभासदांची यादी ठेवण्यासाठी संगणकांमध्येच निवडणूक होत असे. अधिक समर्थ कार्यप्रणाली असलेल्या यंत्रास प्राधान्य मिळे, नंतर अधिक वेळ चालू असलेल्यास, आणि अखेरीस वर्णानुक्रमे आधी येणाऱ्या नावास. नावाच्या आद्याक्षरावर अधिकारपद मिळावे, हे लोकशाहीच्या अभ्यासकास काहीसे मौजेचे वाटेल. प्रत्येक संगणक साधारणपणे दर बारा मिनिटांनी आपले अस्तित्व जाहीर करी. तीन घोषणा चुकल्या तरच त्याचे नाव वगळले जाई आणि राखीव यादीधारक दर पंधरा मिनिटांनी नवी प्रत घेत. परिणामी अचानक बंद पडलेला संगणक यादीत एक्कावन्न मिनिटांपर्यंत दिसत राहू शके, तर नुकताच सुरू झालेला शेजारचा संगणक दिसत नसे. वापरकर्ते तारा तपासत बसत. दोष तारेत नसून यादीत असे.

या निवडणुकीत बाहेरचा उमेदवारही उभा राहिला. कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत शिकत असताना अँड्र्यू ट्रिजेल यांनी जाळ्यातील संदेशांचे निरीक्षण करून जी आज्ञावली रचली, ती पुढे 'सांबा' या नावाने प्रसिद्ध झाली. तिच्यामुळे युनिक्स यंत्रे विंडोजच्या गटात सामील होऊ लागली. एका अंकाची मांडणी वाढविली की असे यंत्र विंडोज एनटी सर्व्हरलाही निवडणुकीत हरवू शके.

डोमेनची नोंदवही :
जुलै १९९३ मध्ये आलेल्या विंडोज एनटीने डोमेनची व्यवस्था आणली. खाते व्यक्तीचे झाले आणि सर्व खाती एका मुख्य नियंत्रक संगणकावर ठेवली गेली. साहाय्यक नियंत्रकांकडे प्रती असत, पण बदल मुख्य प्रतीतच होई. एका डोमेनने दुसऱ्यावर विश्वास ठेवण्याची सोयही होती. परंतु हा विश्वास एकेरी असे आणि पुढे संक्रमित होत नसे. दहा डोमेनांनी परस्परांवर पूर्ण विश्वास ठेवावयाचा तर नव्वद स्वतंत्र संबंध जोडावे लागत. मोठ्या संस्थांना हे जड जाणे स्वाभाविक होते.

१७ फेब्रुवारी २००० रोजी विंडोज २००० सोबत 'ॲक्टिव्ह डिरेक्टरी' आली आणि एकाच संस्थेच्या डोमेनांमधील विश्वास दुहेरी व संक्रमणशील झाला. ओळख पटविण्यासाठी तिने 'कर्बेरॉस' ही पद्धत स्वीकारली. ग्रीक पुराणातील तीन मुखांच्या श्वानाचे नाव धारण करणारी ही पद्धत एमआयटीच्या 'अथेना' प्रकल्पात विकसित झाली होती. तीत पासवर्ड तारेवरून न जाता मुदतीचे तिकीट दिले जाते.

उत्तरकाळ :
छोटी कार्यालये व घरे मात्र वर्कग्रुपवरच राहिली. २००९ मध्ये विंडोज ७ ने एकाच सामायिक पासवर्डवर चालणारा 'होमग्रुप' दिला. एप्रिल २०१८ च्या विंडोज १० आवृत्तीत तो काढून टाकण्यात आला. त्याआधीच मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या खंडणीखोर आज्ञावलीने फाईल सामायिक करण्याच्या सर्वांत जुन्या पद्धतीतील, म्हणजे एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतील, दोषाचा फायदा घेतला होता. कोणी काहीही न उघडता ती एका यंत्रातून दुसऱ्यात शिरत गेली. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील रुग्णालयांना रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. दोषावरील दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झाली होती; पण वर्कग्रुपमध्ये ती प्रत्येक यंत्रावर बसली की नाही हे पाहणारा कोणी नसतो. डोमेनमध्ये पाहणारा असतो, तरी तेथेही पुष्कळ ठिकाणी ती बसविलेली नव्हती. ऑक्टोबर २०१७ च्या आवृत्तीपासून नव्याने बसविलेल्या विंडोज १० मध्ये ही जुनी पद्धत आपोआप येईनाशी झाली आणि तिच्यावरच विसंबून असलेली यादीधारकाची निवडणूकही तिच्याबरोबर गेली. डोमेनबाहेरच्या विंडोज संगणकाच्या मांडणीत 'वर्कग्रुप' हे नाव तेवढे अद्याप आढळते.