माइंडफुलनेस आणि स्त्रियांचं लैंगिक आरोग्य: मन हजर नसेल तर काय होतं?

जोडीदार जवळ आहे, पण मन भलतीकडेच. उद्याच्या डब्याला काय करायचं? मूल जागं तर होणार नाही ना? आपलं पोट फार सुटलेलं दिसतंय का? अनेक स्त्रियांना हा अनुभव ओळखीचा असतो. हळूहळू इच्छा कमी होते आणि 'माझ्यातच काहीतरी कमी आहे' असं वाटायला लागतं.

या भटकणाऱ्या लक्षावर ध्यानाचा उपयोग होतो का? संशोधक काय सांगतात ते पाहू.

माइंडफुलनेस म्हणजे काय?

श्वास, स्पर्श, आवाज, मनातला विचार, यातलं जे आत्ता घडतंय त्याकडे चांगलं-वाईट न ठरवता लक्ष देणं म्हणजे माइंडफुलनेस. त्याची मुळं विपश्यनेसारख्या बौद्ध ध्यानपद्धतींत आहेत. 1979 मध्ये जॉन कबाट-झिन यांनी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात रुग्णांसाठी त्यावर आधारित कार्यक्रम सुरू केला.

लैंगिकतेशी त्याचा काय संबंध?

संबंधाच्या वेळी माणूस स्वतःचाच प्रेक्षक होऊन बसतो, असं निरीक्षण मास्टर्स आणि जॉन्सन या संशोधकांनी 1970 मध्ये मांडलं होतं. 'मी कशी दिसतेय, मला काही वाटतंय की नाही' हे तपासण्यातच लक्ष गुंततं आणि शरीराला जाणवणारं सुख मनापर्यंत पोहोचत नाही.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ लोरी ब्रॉटो यांचं काम याच मुद्द्यावर आहे. स्त्रीरोगविषयक कर्करोगातून बऱ्या झालेल्या, पण लैंगिक अडचणी असलेल्या स्त्रियांसोबत त्यांनी माइंडफुलनेस वापरून पाहिलं.

संशोधनात काय दिसलं?

ब्रॉटो आणि रोझमेरी बॅसन यांचा 2014 मधला अभ्यास 117 स्त्रियांवर होता. काहींना लगेच चार गटसत्रं मिळाली, बाकीच्यांना थांबावं लागलं. सत्रं घेतलेल्या स्त्रियांमध्ये इच्छा, उत्तेजना आणि समाधान वाढलं. मात्र लैंगिक जीवनाबद्दलची चिंता थांबलेल्या गटातही कमी झाली. म्हणजे सगळं श्रेय ध्यानाला देता येत नाही.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. शरीराचा प्रतिसाद आणि मनाला जाणवणारी उत्तेजना यांचा मेळ स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा कमी असतो, असं 2010 मध्ये मेरेडिथ चिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासून दाखवलं. माइंडफुलनेसच्या सरावानंतर हा मेळ वाढल्याचं पुढच्या एका अभ्यासात दिसलं. पण याचा दुसरा अर्थही लक्षात ठेवायला हवा: शरीराने प्रतिसाद दिला म्हणजे इच्छा किंवा संमती आहे, असं होत नाही.

सराव कसा करतात?

सुरुवात लैंगिक नसतेच. एक मनुका घेऊन तिचा रंग, वास, चव सावकाश अनुभवायची. मग डोळे मिटून पायांपासून डोक्यापर्यंत एकेका अवयवाकडे लक्ष द्यायचं. मन भटकलं तर स्वतःवर न चिडता ते परत आणायचं. अंघोळ करताना पाण्याचा स्पर्श जाणवून घेणं हाही सरावच. जवळिकीच्या क्षणी हीच सवय कामी येते.

कुठे उपयोग नाही?

संबंधाच्या वेळी दुखणं, रजोनिवृत्तीनंतरचा कोरडेपणा, मधुमेह, नैराश्यावरची काही औषधं यांमुळेही अडचणी येतात. अशा वेळी आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायला हवं. औषधं मनाने बंद करू नयेत. जुन्या अत्याचाराच्या आठवणी असतील, तर शरीराकडे लक्ष दिल्याने त्रास वाढू शकतो, म्हणून सराव समुपदेशकाच्या मदतीनेच करावा.

आणि नात्यात जबरदस्ती किंवा भीती असेल, तर दोष स्त्रीच्या लक्षाचा नाही. नको असलेला संबंध शांतपणे सहन करायला शिकवणं हा माइंडफुलनेसचा हेतू नाही. शरीर काय सांगतंय हे नीट ऐकू आलं, तर 'हो' जसं कळतं, तसं 'नाही'सुद्धा कळतं.