युनिक्स सर्व्हरवर ओरॅकलचे इन्स्टॉलेशन : अडथळा कोठे व कसा शोधावा

बँकेची खाती, रुग्णालयातील नोंदी, विद्यापीठाचे निकाल किंवा सरकारी खात्यांची दप्तरे ज्या मोठ्या डेटाबेसमध्ये साठवली जातात, त्यांपैकी ओरॅकल हा एक प्रमुख डेटाबेस होय. अनेक ठिकाणी तो सोलारिस, एआयएक्स अशा युनिक्स कुळातील ऑपरेटिंग सिस्टीमवर चालवला जातो. या सिस्टीमवर त्याचे इन्स्टॉलेशन अर्ध्यावर थांबणे हा तंत्रज्ञांचा नित्याचा अनुभव आहे. अशा वेळी दोष ओरॅकलच्या आज्ञावलीत क्वचितच असतो. साठवणुकीची जागा, मेमरीची मर्यादा, परवानग्या, लायब्ररी आणि नेटवर्कवरील नाव या पाचांपैकी एखादी बाब बहुधा अपुरी असते. अडथळा क्रमाने शोधला तर तो हाती लागतो. अंदाजाने उपाय करीत गेल्यास काम कसेबसे पुढे सरकते, पण त्या उपायांनी सैल झालेली सुरक्षा पुढे वर्षानुवर्षे तशीच राहते.

पार्श्वभूमी

युनिक्सचा जन्म १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये झाला. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची हे त्याचे मुख्य शिल्पकार. पुढे निरनिराळ्या कंपन्यांनी त्याच्या आपापल्या आवृत्त्या काढल्या. सोलारिस ही सन मायक्रोसिस्टिम्सची आवृत्ती २०१० मध्ये त्या कंपनीसह ओरॅकलच्या मालकीची झाली, तर एआयएक्स ही आयबीएमची आहे. या सर्वांचे घराणे एक असले तरी आज्ञांची नावे, फाइलींच्या जागा आणि त्रुटी-संदेशांची भाषा यांत फरक आहेत. लिनक्सवर शिकलेला उपाय सोलारिसवर जसाच्या तसा लागू पडेलच, असे नाही.

लॉगमधील पहिली त्रुटी

पडद्यावर दिसणारा संदेश बहुधा शेवटचा परिणाम असतो. मूळ कारण त्याच्या बरेच आधी लॉगमध्ये नोंदले गेलेले असते. ओरॅकलचा इन्स्टॉलर आपला लॉग ‘ओराइन्व्हेन्टरी’ या डिरेक्टरीतील ‘लॉग्स’ या उपडिरेक्टरीत लिहितो. ही डिरेक्टरी तयार होण्यापूर्वीच काम थांबले असेल, तर लॉग ‘टीएमपी’ या तात्पुरत्या डिरेक्टरीत सापडतो. लॉग शेवटून वाचण्याऐवजी वरून वाचावा आणि पहिली ‘एरर’ किंवा ‘फेटल’ ही नोंद जेथे आढळेल तेथे थांबावे. त्यानंतरच्या त्रुटी अनेकदा पहिलीच्याच सावल्या असतात.

‘ओराइन्व्हेन्टरी’ कोठे आहे हे ‘ओराइन्स्ट.लॉक’ ही छोटी फाइल सांगते. सोलारिसवर ती ‘/व्हार/ऑप्ट/ओरॅकल’ या डिरेक्टरीत, तर एआयएक्स आणि लिनक्सवर ‘/ईटीसी’ मध्ये असते. पूर्वीचे ओरॅकल हाताने पुसून टाकलेले असेल आणि ही फाइल मात्र मागे राहिली असेल, तर नवा इन्स्टॉलर अस्तित्वात नसलेल्या जागी नोंदी करू पाहतो आणि थांबतो.

लॉगही काही बोलत नसेल, तर सोलारिस व एआयएक्सवर ‘ट्रस’ ही आज्ञा उपयोगी पडते. एखादा प्रोग्राम कर्नलकडे कोणती मागणी करतो आणि त्याला काय उत्तर मिळते, याची ती ओळीओळीने नोंद करते. लिनक्सवर हेच काम ‘एसट्रेस’ करते. ‘ईनोएन्ट’ हे उत्तर आले तर फाइल किंवा डिरेक्टरी सापडलेली नाही; ‘ईॲक्सेस’ आले तर परवानगी नाकारली गेली आहे. कोणत्या फाइलीसाठी हे उत्तर आले तेही त्याच ओळीत असते.

जागा आणि मेमरी यांतील गल्लत

सोलारिसवर सर्वाधिक वेळ वाया घालवणारा संदेश ‘नॉट इनफ स्पेस’ हा होय. शब्दश: पाहता तो डिस्कवरील जागेविषयीचा वाटतो आणि तंत्रज्ञ फाइली पुसू लागतात. प्रत्यक्षात तो त्रुटी क्रमांक १२ आहे आणि त्याचा अर्थ मेमरी अपुरी पडली, असा आहे. डिस्क भरल्याचा संदेश ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ असा असून त्याचा क्रमांक २८ आहे. म्हणून संदेशाच्या शब्दांपेक्षा क्रमांकावर भिस्त ठेवणे सुरक्षित.

या दोन गोष्टी सोलारिसवर आणखी एका ठिकाणी एकमेकींत गुंततात. तेथील ‘टीएमपी’ डिरेक्टरी सामान्यत: डिस्कवर नसते, ती मेमरी आणि स्वॅप यांच्या सामायिक साठ्यातून जागा घेते. इन्स्टॉलेशनच्या मोठ्या फाइली तेथे उलगडल्या, की मेमरीच खर्ची पडते आणि थोड्याच वेळात वरील १२ क्रमांकाची त्रुटी उभी राहते. अशा वेळी ‘टीएमपी’ आणि ‘टीएमपीडिर’ ही पर्यावरण-चले डिस्कवरील प्रशस्त डिरेक्टरीकडे वळवावीत. ‘डीएफ’ या आज्ञेने डिस्कची आणि ‘स्वॅप -एस’ या आज्ञेने स्वॅपची स्थिती आधीच पाहून ठेवावी.

डेटाबेस सुरू करताना येणारी ‘ओआरए-२७१०२’ ही त्रुटीही मेमरीचीच आहे. ओरॅकल आपल्या कामासाठी सामायिक मेमरीचा मोठा तुकडा मागते. सोलारिस १० च्या आधी त्याची मर्यादा ‘/ईटीसी/सिस्टिम’ या फाइलीत ठरत असे आणि बदल केल्यावर सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागे. सोलारिस १० पासून ही मर्यादा ‘प्रोजेक्ट’ या संकल्पनेखाली आली. वेगळी सूचना नसेल तर एका प्रोजेक्टला प्रत्यक्ष मेमरीच्या एक चतुर्थांशाइतकीच सामायिक मेमरी मिळते. म्हणजे ६४ जीबी मेमरीच्या सर्व्हरवर २० जीबी मागणारा डेटाबेस, बाकी मेमरी मोकळी असूनही, सुरू होत नाही. ओरॅकलच्या वापरकर्त्यासाठी ‘प्रोजॲड’ या आज्ञेने स्वतंत्र प्रोजेक्ट करून त्यात ‘मॅक्स-एसएचएम-मेमरी’ वाढवणे हा यावरील योग्य उपाय. ही नवी मर्यादा नव्या लॉगिनपासून लागू होते. जुन्याच सत्रातून पुन्हा प्रयत्न केल्यास तीच त्रुटी येते आणि उपाय चुकीचा होता, असा गैरसमज होतो. आपले सत्र कोणत्या प्रोजेक्टमध्ये आहे हे ‘आयडी -पी’ ही आज्ञा दाखवते.

एआयएक्सवर वेगळीच मर्यादा आड येते. तेथे नव्या वापरकर्त्याला मूळ मांडणीत सुमारे १ जीबीपेक्षा मोठी फाइल लिहिता येत नाही. परिणामी मोठ्या फाइली उलगडताना किंवा डेटाफाइल तयार होताना ‘फाइल टू लार्ज’ हा संदेश येतो, मग डिस्कवर कितीही जागा असो. ‘यूलिमिट -ए’ या आज्ञेने मर्यादा पाहाव्यात, ‘/ईटीसी/सिक्युरिटी/लिमिट्स’ या फाइलीत त्या बदलाव्यात आणि पुन्हा लॉगिन करावे.

वापरकर्ता, गट आणि परवानग्या

ओरॅकलचे इन्स्टॉलेशन ‘रूट’ या सर्वाधिकारी वापरकर्त्याने करायचे नसते. इन्स्टॉलरच त्याला नकार देतो. त्यासाठी रूढीने ‘ओरॅकल’ नावाचा वापरकर्ता, ‘ओइन्स्टॉल’ हा त्याचा प्राथमिक गट आणि ‘डीबीए’ हा दुय्यम गट तयार केला जातो. काम संपत आल्यावर ‘रूट.एसएच’ ही छोटी स्क्रिप्ट तेवढी रूटच्या अधिकाराने चालवायची असते. एआयएक्सवर ‘रूटप्री.एसएच’ ही स्क्रिप्ट सुरुवातीलाच चालवावी लागते. ती राहून गेल्यास पुढच्या टप्प्यांवर अनाकलनीय वाटणाऱ्या त्रुटी येतात.

परवानगीची त्रुटी आली, की संपूर्ण डिरेक्टरीवर ‘सीएचमॉड -आर ७७७’ ही आज्ञा चालवून सर्वांना सर्व अधिकार देण्याचा मोह अनेकांना होतो. या आज्ञेने होणारे नुकसान दुहेरी आहे. ओरॅकलच्या मुख्य प्रोग्राम-फाइलीवर ‘सेटयूआयडी’ आणि ‘सेटजीआयडी’ या विशेष खुणा असतात. त्यांमुळे सर्व्हरवरील इतर वापरकर्ते त्या फाइलीमार्फत डेटाबेसशी जोडले जाऊ शकतात. ७७७ दिल्यावर या खुणा पुसल्या जातात आणि त्या वापरकर्त्यांची स्थानिक जोडणी बंद पडते. म्हणजे एक अडथळा दूर करताना दुसरा निर्माण होतो. दुसरे नुकसान अधिक गंभीर आहे. सर्व्हरवर खाते असलेली कोणीही व्यक्ती आता ओरॅकलच्या प्रोग्रामऐवजी तेथे स्वत:चा प्रोग्राम ठेवू शकते. ज्या नोंदींवर लोकांचे पैसे, उपचार आणि हक्क अवलंबून असतात, त्यांचे दार असे उघडे राहते. इन्स्टॉलेशन यशस्वी दिसत असल्याने नंतर त्याकडे कोणी वळून पाहत नाही.

योग्य मार्ग तुलनेने छोटाच आहे. नाकारली गेलेली नेमकी फाइल किंवा डिरेक्टरी ‘ट्रस’ने शोधावी, ‘एलएस -एलडी’ने तिचा मालक व गट पाहावा आणि तेवढीच दुरुस्ती करावी. परवानग्या बरोबर असूनही ‘सेटयूआयडी’ परिणामकारक नसेल, तर ती फाइल-सिस्टीम ‘नोसूइड’ या पर्यायासह जोडली आहे का, हे तपासावे.

लायब्ररी, लिंकिंग आणि पाथ

ओरॅकलचे काही प्रोग्राम इन्स्टॉलेशनच्या वेळी त्याच सर्व्हरवर लिंक केले जातात. त्यासाठी ‘मेक’, ‘एआर’ आणि ‘एलडी’ ही साधने लागतात. सोलारिस १० वर ती ‘/यूएसआर/सीसीएस/बिन’ मध्ये असतात. पाथमध्ये ‘/यूएसआर/यूसीबी’ हवेच असेल, तर ते ‘सीसीएस’च्या नंतर लिहावे, अन्यथा वेगळ्या जातीची साधने निवडली जातात आणि लिंकिंग फसते. एखादी लायब्ररी सापडत नसेल तर ‘एलडीडी’ ही आज्ञा ‘फाइल नॉट फाउंड’ असे नावानिशी दाखवते. ३२ आणि ६४ बिटांच्या लायब्ररींची सरमिसळ हे दुसरे नेहमीचे कारण. ‘फाइल’ या आज्ञेने त्याचा उलगडा होतो. एआयएक्सवर जुन्या लायब्ररी मेमरीत अडकून राहू नयेत म्हणून इन्स्टॉलेशनपूर्वी रूटच्या अधिकाराने ‘एसलिबक्लीन’ चालवावे.

पडदा नसलेला सर्व्हर

इन्स्टॉलरच्या खिडक्या उघडण्यासाठी ‘एक्स’ ही चित्रप्रणाली लागते. दुसऱ्या वापरकर्त्याने लॉगिन करून ‘एसयू’ने ‘ओरॅकल’ वापरकर्ता झाल्यास ‘डिस्प्ले’ची माहिती आणि परवाना मागे राहतो आणि इन्स्टॉलर उघडत नाही. ‘ओरॅकल’ या वापरकर्त्यानेच ‘एसएसएच -एक्स’ने थेट लॉगिन करावे आणि आधी ‘एक्सक्लॉक’ चालवून पाहावे. घड्याळ दिसले तर इन्स्टॉलरही दिसेल. खिडक्यांशिवाय काम करायचे असल्यास ‘सायलेंट’ पद्धत आहे. तीत उत्तरांच्या फाइलीचा संपूर्ण पाथ द्यावा लागतो. ही फाइल विंडोजवर तयार केली असेल तर ओळींच्या शेवटी राहिलेली अदृश्य चिन्हे ‘डॉसटूयुनिक्स’ने काढावीत.

इन्स्टॉलेशन पूर्ण, पण जोडणी नाही

‘ओआरए-१२५४१’ याचा अर्थ लिसनर सुरूच नाही, किंवा मागितलेल्या पत्त्यावर व पोर्टवर तो नाही. रूढ पोर्ट १५२१ हा आहे. ‘ओआरए-१२५१४’ आल्यास लिसनर आहे, पण मागितलेली सेवा त्याला ठाऊक नाही. डेटाबेस नुकताच सुरू केला असेल तर नोंदणीसाठी मिनिटभर थांबावे. सर्व्हरचे नाव ‘/ईटीसी/होस्ट्स’ मध्ये योग्य आयपी पत्त्याशी जोडलेले आहे का, हेही पाहावे.

डेटाबेस चालू असूनही ‘ओआरए-०१०३४’ आणि ‘ओआरए-२७१०१’ या त्रुटी एकत्र आल्या, तर ‘ओरॅकल_एसआयडी’ व ‘ओरॅकल_होम’ ही चले तपासावीत. एसआयडीमध्ये लहान व मोठी लिपी भिन्न धरली जाते. ‘ओरॅकल_होम’च्या शेवटी चुकून पडलेली एक तिरपी रेघही पुरेशी ठरते, कारण सामायिक मेमरीची किल्ली या दोन चलांच्या नेमक्या अक्षरांवरून तयार होते.

देवनागरीतील नोंदी

मराठी किंवा कोंकणी नावे साठवायची असतील, तर डेटाबेस तयार करताना ‘एएल३२यूटीएफ८’ हाच वर्णसंच निवडावा. बाराव्या आवृत्तीच्या दुसऱ्या प्रकाशनापासून तो आपोआप सुचवला जातो. जुन्या आवृत्त्या सर्व्हरच्या भाषा-मांडणीवरून निवड करतात. पाश्चात्त्य वर्णसंच राहिल्यास देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे साठवली जातात आणि मूळ मजकूर परत मिळत नाही. वर्णसंच नंतर बदलणे हे मोठे आणि जोखमीचे काम आहे.

दुसरी बाब लांबीची. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ‘म्हापसा’ हे नाव डोळ्यांना तीन अक्षरांचे दिसते. जोडाक्षराचे हलन्त चिन्ह आणि काने धरून त्यात ७ चिन्हे, म्हणजे २१ बाइट होतात. रकान्याची लांबी ३० ठेवली तर ती मूळ मांडणीत बाइटांची असते आणि त्यात जेमतेम १० चिन्हे मावतात. त्यापुढे ‘ओआरए-१२८९९’ ही त्रुटी येते. म्हणून रकान्याची लांबी ‘चार’ या मापात सांगावी.

पुन्हा प्रयत्न करण्यापूर्वी

फसलेल्या प्रयत्नाचे अवशेष नव्या प्रयत्नाला अडवतात. डिरेक्टरी नुसती पुसू नये. अकराव्या आवृत्तीच्या दुसऱ्या प्रकाशनापासून मिळणारे ‘डीइन्स्टॉल’ हे साधन नोंदीही काढून टाकते. अडकलेले सामायिक मेमरीचे तुकडे ‘आयपीसीएस’ दाखवते आणि ‘आयपीसीआरएम’ काढते. त्याच सर्व्हरवर दुसरा डेटाबेस चालू असेल तर तुकडा कोणाचा, हे ओरॅकलच्या ‘सिसरेझ्व्ह’ने आधी निश्चित करावे, चुकीचा तुकडा काढल्यास चालू डेटाबेस कोसळतो. उतरवून घेतलेल्या फाइलींची ‘सीकेसम’ने पडताळणी करावी, एका वेळी एकच बदल करावा आणि तो तारखेसह लिहून ठेवावा. काम पूर्ण झाल्यावर ही टिपणे पाहून तात्पुरत्या दिलेल्या परवानग्या व सवलती मागे घेतल्या, तरच इन्स्टॉलेशन संपले असे मानावे.