स्त्रीचें रूप आणि समाजाची नजर

आजच्या भाषणासाठीं मीं जो विषय निवडला आहे, तो ऐकून आपणांपैकीं कांहींना थोडें नवल वाटेल. स्त्रीचें रूप आणि त्यावर समाजानें वेळोवेळीं दिलेला निवाडा, हा विषय एका निवृत्त शाळामास्तराच्या तोंडीं शोभतो काय? इतिहास म्हणजे राजे, लढाया आणि तहनामे, ही समजूत आमच्याच वर्गांत तयार होते. आणि मींही पुष्कळ वर्षें ती तशीच मुलांच्या हातीं दिली, हें कबूल करतों. परंतु आपल्या महाराष्ट्रांत स्त्रीच्या मस्तकावरील केसांसाठीं सभा भरल्या, वृत्तपत्रें भांडलीं, कादंबरी लिहिली गेली आणि हातावर पोट असलेल्या माणसांनीं आपल्या मिळकतीवर पाणी सोडण्याचा निश्चय केला. ज्या गोष्टीपायीं इतकें घडलें, ती इतिहासाबाहेरची कशी म्हणावी?

माझ्या लहानपणीं आमच्या घरीं माझ्या वडिलांच्या आत्या राहत असत. आम्ही मुलें त्यांना आत्याआजी म्हणत असूं. अंगावर लाल आलवण, मोकळें कपाळ, मोकळे हात आणि डोक्यावरून कानांखालीं घट्ट ओढलेला पदर, अशी त्यांची मूर्ति आजही माझ्या डोळ्यांपुढें आहे. त्या पदराखालीं केस नाहींत, हें मला सातव्या-आठव्या वर्षीं कळलें. घरांतल्या प्रत्येक लग्नामुंजीचे लाडू त्यांच्या हातचे असत. परंतु मुहूर्ताच्या वेळीं त्या मागच्या खोलींत बसून राहत. तेराव्या वर्षीं त्यांना वैधव्य आलें आणि त्याच वर्षीं त्यांचें केशवपन झालें, एवढेंच आम्हांस ठाऊक होतें. त्या स्वतः त्याविषयीं कधीं बोलत नसत.

केशवपनाची चाल मुख्यतः ब्राह्मणांत आणि त्यांच्या वळणावर जाणाऱ्या कांहीं जातींत होती. तिला शास्त्राचा आधार आहे कीं नाहीं, यावर पंडितांनीं पुष्कळ वाद घातला. त्या वादांत मी शिरत नाहीं. चालीमागचा व्यवहारी हेतु मात्र कोणाच्याही ध्यानांत यावा असा उघड होता. तरुण विधवा पुन्हा कोणाच्या नजरेंत भरूं नये, म्हणून तिचें रूपच हिरावून घ्यावयाचें. आतां याच्या शेजारीं दुसरी चाल ठेवून पाहा. मुलगी दाखवावयाच्या वेळीं तिचा अंबाडा सोडून केसांची लांबी पाहण्याचा प्रघात याच घरांतून होता. एके दिवशीं जे केस पाहून मुलगी पसंत करावयाची, तेच केस दुसऱ्या दिवशीं वस्तऱ्याखालीं द्यावयाचे. मुलगी तीच, मस्तक तेंच. बदलली ती केवळ तिच्यावर सत्ता चालविणाऱ्यांची गरज. रूपाचा निवाडा म्हणून जें आपण समजतों, तो बहुधा मालकीचा निवाडा असतो, हें मला या दोन चालींवरून उमगलें.

ही चाल साऱ्या महाराष्ट्राची नव्हती, हेंही सांगितलें पाहिजे. मी राहतों तें तारोडी हें उत्तनजवळचें गांव आज मीरा-भाईंदर महानगरपालिकेंत मोडतें. या बाजूची जुनी वस्ती कोळी, आगरी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती यांची. येथील कष्टकरी घरांत नवऱ्यामागें बाईनें टोपली उचलून बाजार गांठावयाचा, ही रीत. तिच्या मस्तकाला कोणी हात लावला नाहीं. हिंदु कष्टकरी जातींत तर पाट लावण्याचीही मोकळीक होती. तिला दुःख नव्हतें किंवा तिच्याविषयीं कोणी कांहीं बोलत नव्हतें, असें मी म्हणत नाहीं. परंतु जिच्या मेहनतीवर चूल पेटते, तिला विद्रूप करून कोपऱ्यांत बसविणें घराला परवडत नाहीं. उलट, एखाद्या घराण्याची प्रतिष्ठा वाढली कीं आधीं पाट बंद होई. प्रतिष्ठेची किंमत अशी स्त्रीच्या देहानें चुकती केली जात असे.

या अन्यायाविरुद्ध एका स्त्रीनेंही संतप्त शब्द उच्चारला. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा 'स्त्रीपुरुषतुलना' हा निबंध १८८२ सालीं प्रसिद्ध झाला. सुरत येथील एका ब्राह्मण विधवेवर चाललेल्या खटल्यामुळें, आणि त्या निमित्तानें सगळ्या स्त्रीजातीला वृत्तपत्रांतून जीं दूषणें दिलीं जात होतीं त्यांमुळें, त्या लिहावयास बसल्या. पत्नी वारली असतां पुरुष आपलें तोंड विद्रूप करून घेत नाहीं. मग पति वारल्यावर तें स्त्रीनेंच कां सोसावें, असा त्यांचा रोख होता. प्रश्न साधा होता. त्याचें उत्तर तेव्हांच्या विद्वानांजवळ नव्हतें, म्हणून पुस्तकावर टीका मात्र पुष्कळ झाली.

पुढें गोपाळ गणेश आगरकरांनीं १८८८ सालीं 'सुधारक' पत्र काढलें आणि त्यांत केशवपनावर निर्भीडपणें लिहिलें. स्त्रियांच्या पोषाखाविषयींही त्यांनीं लेखणी चालविली. १८८९ सालीं पंडिता रमाबाईंनीं मुंबईंत शारदासदन उघडून विधवांच्या हातीं पुस्तक दिलें. १८९० सालीं सुरू झालेल्या 'करमणूक' पत्रांतून हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी क्रमशः येऊं लागली. तिच्या नायिकेचें, यमूचें, बळजबरीनें केशवपन होतें. तो प्रसंग वाचून अनेक सुशिक्षित वाचकांचें मन प्रथमच हेलावलें असेल. परंतु मन हेलावणें निराळें आणि हात थांबणें निराळें.

हात थांबविण्याचा विचार ज्यांनीं केला, ते पंडित नव्हते, पदवीधरही नव्हते. ते मुंबईचे न्हावी होते. त्यांना एकत्र आणणारे गृहस्थ नारायण मेघाजी लोखंडे. यांचें नांव गिरणीकामगारांच्या चळवळीमुळें आपणांस ठाऊक असेल. जोतीराव फुल्यांचे ते अनुयायी. १८८० पासून 'दीनबंधु' पत्र त्यांनीं मुंबईहून चालविलें आणि १८८४ सालीं गिरणीकामगारांची संघटना उभारली. १८९० सालीं त्यांच्या पुढाकारानें मुंबईंत कांहीं शें नाभिकांची सभा भरली आणि विधवांच्या मस्तकाला यापुढें वस्तरा लावावयाचा नाहीं, असा निश्चय तींत झाला. या सभेची वार्ता विलायतेच्या 'टाइम्स' पत्रापर्यंत पोहोंचली.

या निश्चयाचें मोल आपण नीट ध्यानांत घेतलें पाहिजे. केशवपन एकदांच होऊन संपत नसे. केस वाढले कीं न्हाव्याला पुन्हा बोलावणें येई, आणि तें बोलावणें प्रतिष्ठित घरांतून येई. अशा घरांना नकार देणें म्हणजे पोटावर पाय आणून घेणेंच. शास्त्र सांगणारे भटजी निराळे, आज्ञा करणारे वडीलधारे निराळे, आणि मागील दारीं, रडणाऱ्या मुलीसमोर, वस्तरा घेऊन बसणारा निराळा. पहिल्या दोघांना त्या मुलीचा चेहरा पाहावा लागत नसे. तिसऱ्याला पाहावा लागे. म्हणूनच कदाचित् त्याला आधीं लाज वाटली. त्या एका सभेनें चाल बंद पडली नाहीं. माझ्या आत्याआजींचें केशवपन त्यानंतर पंचवीसएक वर्षांनीं झालें. परंतु अन्यायाला कोणाचा तरी हात लागतो आणि तो हात नाहीं म्हणूं शकतो, ही गोष्ट त्या सभेनें दाखवून दिली.

एवढ्यावर भाषण संपवितां आलें असतें, तर मला समाधान वाटलें असतें. वस्तरा गेला, केस राहिले, गोष्ट संपली. पण तसें झालें नाहीं. विद्रूप करणारी नजर मंदावत असतांना सुंदर ठरविणारी नजर बळावत होती. १८९४ सालीं मुंबईंत राजा रविवर्म्यांचा छापखाना निघाला आणि गोऱ्या, भरल्या अंगाच्या, नऊवारी नेसलेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या भिंतींवर आल्या. मग रंगभूमीवर बालगंधर्व आले. त्यांच्या लुगड्यांची, अलंकारांची, केशरचनेची नक्कल प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया करूं लागल्या. बालगंधर्वांच्या कलेविषयीं माझ्या मनांत आदरच आहे. परंतु स्त्रीनें कसें दिसावें याचा धडा महाराष्ट्रानें एका पुरुषाकडून घेतला, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटांत १९१३ सालीं तारामती झाले होते अण्णा साळुंके. १९३२ सालीं 'अयोध्येचा राजा' या चित्रपटांत तीच भूमिका दुर्गाबाई खोटे यांनीं केली. स्वतः स्त्रीनें पडद्यावर येण्याला एवढा काळ जावा लागला असें नव्हे. दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनीं तें धाडस १९१३ सालींच केलें होतें. परंतु प्रतिष्ठित घरांचा संकोच सुटावयास वेळ लागला. आणि तो सुटतो न सुटतो तोंच १९४१ सालीं लीला चिटणीस यांचा चेहरा एका साबणाच्या जाहिरातीवर झळकला. पूर्वीं घरचे वडीलधारे रूपाचा निवाडा करीत. आतां त्यांच्या जोडीला बाजार आला.

आतां माझीच एक गोष्ट सांगतों. १९८२ सालीं मी एक मुलगी पाहावयास गेलों होतों. मुलगी शिकलेली, बोलण्यांत नम्र, आणि रंगानें सांवळी. तिला चालावयास सांगितलें, कांहीं वाचावयास सांगितलें. मी तेव्हां शिक्षक होतों. आगरकरांवर वर्गांत तन्मयतेनें बोलत असें. परत आल्यावर घरांत चर्चा झाली. रंग उजळ नाहीं, केस मात्र लांब आहेत, असें आई म्हणाली. आत्याआजी माजघराच्या उंबऱ्याशीं बसल्या होत्या. त्या एवढेंच म्हणाल्या, ''माझेही होते.'' कोणी उत्तर दिलें नाहीं. चार दिवसांनीं पत्रिका जुळत नाहीं असा निरोप त्या घरीं गेला. पत्रिका जुळत होती, हें मला ठाऊक होतें. मी गप्प राहिलों. मुंबईच्या त्या न्हाव्यांना जें सुचलें, तें मला सुचलें नाहीं; आणि मला तर गमवावयाचें कांहींच नव्हतें.

श्रोतेहो, काळ थांबलेला नाहीं. मे २०२२ मध्यें कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड गांवच्या ग्रामपंचायतीनें विधवेचें कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र काढणें या चाली बंद करण्याचा ठराव केला, आणि राज्य सरकारनें त्याच महिन्यांत इतर गांवांना तो कित्ता गिरविण्यास सांगितलें. १९७५ पासून गोरेपणाचें आश्वासन देत खपणाऱ्या एका मलमाला २०२० सालीं आपल्या नांवांतून तो शब्द काढून टाकावा लागला. शब्द गेला, परंतु लग्नाच्या जाहिरातींतून 'गोरी' आणि 'सडपातळ' हीं विशेषणें अद्याप सुखानें नांदत आहेत. आमच्या शाळेंतल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुली डबा न खातां परत नेत. प्रथम मला वाटे, भाजी आवडत नसेल. पुढें एका सहकारी बाईंनीं खरें कारण सांगितलें. जाड दिसूं या भयानें त्या उपाशी राहत होत्या. हा वस्तरा त्यांच्या हातीं कोणी दिला? तो घरांतल्या थट्टेनें, पाहुण्यांच्या शेऱ्यानें आणि आमच्यासारख्यांच्या मौनानें दिलेला आहे.

१८९० सालीं भरलेली ती सभा पाठ्यपुस्तकांत ठळक अक्षरांत यावी, अशी माझी इच्छा आहे. परंतु तोंपर्यंत थांबण्याचें कारण नाहीं. आपल्या घरीं कोणी मुलीच्या रंगावर, अंगावर किंवा उंचीवर शेरा मारला, तर ''या घरांत हें बोलणें चालत नाहीं'' एवढें वाक्य उच्चारावयास सभेची गरज लागत नाहीं. तें वाक्य मीं चाळीस वर्षांपूर्वीं उच्चारावयास हवें होतें. आपण तें वेळेवर उच्चारावें, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.